पावणेचार ग्रॅम

डब्याचं झाकण काढलं आणि खवट वास आला.

डबा पत्र्याचा, दुधाच्या पावडरीचा होता. कोठीच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या गोण्यांच्या मागे कुणीतरी तो सारून ठेवला होता. आत पावडर नव्हती. तळाशी तीन-चार मुठी पिवळट पीठ होतं, गोळे धरलेलं. बोटांत चोळून पाहिलं तर तेलकट लागलं. हा वास ओळखायला मला उपकरण लागत नाही. अन्नातली तेलं खवट कशी होतात, याचाच अभ्यास करत मी मिरज सोडून पुण्यात पाच वर्षं घालवली होती.

२०१५ सालचा मार्च संपत आला होता. मी इराकच्या उत्तरेला एर्बिलमध्ये, एका परदेशी मदतसंस्थेत अन्न आणि पाणी तपासण्याचं काम करत होते. आदल्या ऑगस्टमध्ये दाएशची माणसं, ज्यांना आपल्याकडे इसिस म्हणत, निनवेच्या मैदानातल्या ख्रिस्ती गावांवर चालून आली आणि गावंच्या गावं रिकामी झाली. त्यांपैकी बेथ-नूरा नावाच्या गावची बासष्ट कुटुंबं शहराच्या अंकावा भागात एका अर्धवट बांधलेल्या चार मजली इमारतीत राहत होती. भिंतींच्या जागी प्लायवूड, दारांच्या जागी ब्लँकेटं. त्या आठवड्यात तिथल्या अकरा जणांना जुलाब सुरू झाले, त्यात चार तान्ही मुलं होती. म्हणून सोमवारी सकाळी मी कोठी तपासायला गेले होते.

संशय आलेल्या अन्नाचा वीस ग्रॅम नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उरलेलं नष्ट करायचं, असा आमचा नियम होता. नुसतं फेकायचं नाही, कारण भुकेलेलं माणूस कचऱ्यातूनही उचलतं. त्यावर ब्लीच ओतायचं. नियमात आणखी एक ओळ होती. हे सगळं कोठी सांभाळणाऱ्याच्या समोर करायचं. कोठी शमीरान सांभाळायची, आणि ती त्या दिवशी गावच्या धर्मगुरूंना आणायला इस्पितळात गेली होती. मला दुपारपर्यंत अजून दोन इमारती बघायच्या होत्या. मी थांबले नाही. नमुना नळीत भरला, डबा मागच्या अंगणात नेला, अर्धा लिटर ब्लीच ओतलं, काठीनं ढवळलं आणि वहीत लिहिलं, ‘पीठ, खवट, नष्ट.’ नळी ड्रायव्हरच्या हाती प्रयोगशाळेत पाठवून दिली.

मंगळवारी सकाळी पाण्याच्या टाकीचा नमुना घ्यायला परत गेले, तेव्हा शमीरान कोठीत स्टुलावर उभी होती. तिचा एक हात वरच्या फळीवर होता. ती तिथली धूळ चाचपत होती.

शमीरान तिशीची होती. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे माझं तिथलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चाले. जिभेला धार होती. मी पहिल्यांदा कोठीत आले आणि तांदळात थर्मामीटर खुपसला, तेव्हा ती म्हणाली होती की स्वर्गाच्या दारातही मी आधी तिथलं तापमान बघेन आणि मग आत जायचं की नाही ते ठरवेन. आम्ही दोघी एकमेकींना आवडायचो, पण तसं बोलून कधी दाखवलं नव्हतं.

“इथे एक डबा होता,” ती म्हणाली. वळली नाही.

मी सांगितलं. खवट वासाबद्दल सांगितलं, जुलाबांबद्दल सांगितलं, तेल जुनं झालं की त्यात काय होतं तेही सांगितलं. मी बोलत असताना ती सावकाश स्टुलावरून उतरली आणि गव्हाच्या पोत्यावर बसली. 

मग म्हणाली, “ते पीठ नव्हतं, डॉक्टर.”

पुढचं तिनं अशा आवाजात सांगितलं, की वर्गात धडाच शिकवते आहे असं वाटावं. त्यांचं चर्च फार जुनं, पूर्वेकडचं. येशूनं यरुशलेममध्ये शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडली तेव्हा योहान या शिष्याला दोन तुकडे दिले, एक त्यानं खाल्ला आणि एक जपून ठेवला, असं ते मानतात. त्या तुकड्याची पूड करून शिष्यांनी आपापसांत वाटून घेतली आणि ती घेऊन ते जगभर गेले. पूर्वेकडे आलेल्यांनी ती इथे आणली. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, त्या भोजनाच्याच दिवशी, जुन्या पुडीत नवं पीठ, मीठ आणि ऑलिव्हचं तेल घालून ती वाढवतात. दर प्रार्थनेच्या भाकरीत त्यातली चिमूटभर पडते. तिला ते ‘मल्का’ म्हणतात. मल्का म्हणजे राजा.

“एक भाग मीठ, दोन भाग पीठ,” ती म्हणाली. “म्हणून पिवळं. म्हणून तेलकट.”

मी हातातली वही मिटली.

“चर्चमध्ये चांदीच्या पेटीत असायची. बाबांनी डब्यात काढली, कारण चांदी दिसली की कुणीही हिसकावतं. दुधाचा डबा कुणी घेत नाही.”

तिचे वडील, ओदिशू, त्या चर्चमध्ये शमाशा होते. शमाशा म्हणजे धर्मगुरूंच्या हाताखालचे सेवक. ऑगस्टमध्ये निघायची वेळ आली तेव्हा काकाच्या गाडीत आधीच नऊ माणसं होती. ओदिशूंनी आपली जागा शेजारच्या आंधळ्या म्हातारीला दिली. शमीरान गाडीतून उतरली. वडिलांनी तिला परत बसवलं. ती पुन्हा उतरली. तेव्हा ते चर्चमध्ये गेले, डबा घेऊन आले, तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले की हा काशांच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही. मग बाहेरून दार लावलं. काशा म्हणजे धर्मगुरू. वडिलांचा फोन दोन दिवस वाजत राहिला. मग वाजायचा थांबला.

काशा योनान त्याच आठवड्यात हृदयविकारानं इस्पितळात गेले. मधे एकदा एका रात्रीपुरते आले, पण तिनं डबा द्यायच्या आत पुन्हा गेले, आणि इस्पितळात तो नेणं तिला बरोबर वाटेना. सात महिने शमीराननं डबा फळीवर ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही, कारण वडील म्हणाले होते, दुसऱ्या कुणाच्या नाही. कालच तिनं काशांना घरी आणलं होतं. त्यांना झोप लागली म्हणून आज सकाळी देणार होती. परवा गुरुवार होता.

“मी दुसरं काहीच घेऊन आले नाही,” ती म्हणाली. “घर टाकलं, पुस्तकं टाकली, बाप टाकला. एवढं एक आणलं होतं.”

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मी वही उघडली. काहीतरी करायचं म्हणून उघडली असेल. त्यात माझ्याच अक्षरात होतं, ‘नष्ट’, आणि त्याच्या पुढे, ‘वीस ग्रॅम प्रयोगशाळेत’.

“सगळं नाही गेलं,” मी म्हणाले.

प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. गाडीत शमीराननं एकच प्रश्न विचारला, की त्या वीस ग्रॅमचं ते लोक काय करतात. मी खरं सांगितलं. दहा ग्रॅम द्रावणात घालून जंतू वाढतात का बघतात, पाच ग्रॅम भट्टीत तापवून पाणी किती ते काढतात, थोडं मीठ मोजायला लागतं. मग तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. लाल दिव्यापाशी थांबलो की ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा समोर बघायचा.

प्रयोगशाळा चालवणारे डॉ. मुवफ्फक मोसूलचे. विद्यापीठात अन्नरसायनशास्त्र शिकवायचे, दाएश आली तेव्हा तेही पळून आले होते. साठीचे, नमाज न चुकवणारे, आणि माझ्या ओळखीच्या रसायनशास्त्रज्ञांत सगळ्यात बडबडे. मला बघताच हसायला लागले.

“दोक्तोरा, तुमचं ते पीठ. तेहेतीस टक्के मीठ. ज्या बाईनं या पिठाची भाकरी नवऱ्याला वाढली असेल, तिला घटस्फोट मिळाला की पदक, एवढंच मला जाणून घ्यायचंय.”

ते माझ्याशी इंग्रजीत बोलत, त्यामुळे शमीरानलाही कळलं. ती म्हणाली, “ती भाकरी आम्ही अजून खातोय, उस्ताद.” आणि काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं.

त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले, नमाजाआधी वजूला धुतात तसे. मग स्टँडवरून नळी उचलली आणि काट्यावर रिकाम्या नळीचं वजन वजा करून पाहिलं.

तीन पूर्णांक चौऱ्याहत्तर. पावणेचार ग्रॅमला एवढंसं कमी.

“एवढंच उरलंय,” ते म्हणाले. “बाकीचं माझ्याकडून गेलं.”

मी म्हटलं की बाकीचं माझ्याकडून गेलं, त्यांच्याकडून नाही. त्यांनी ते ऐकलंसं वाटलं नाही. त्यांनी मला जंतूंच्या तबकड्या दाखवल्या. चोवीस तासांत त्यांवर एक ठिपकाही उगवला नव्हता. एवढ्या मिठात काही उगवतच नाही. जुलाबांचं कारण नंतर टाकीत सापडलं. तो डबा त्या इमारतीतली सगळ्यात निर्धोक वस्तू होती.

नळी शमीरानच्या हातात देताना ते थांबले.

“मोसूलमध्ये आमच्या समोरचं घर मत्तीचं होतं. दंतवैद्य. तुमच्यातलाच. त्यांनी त्याच्या भिंतीवर नून काढला.” नून म्हणजे अरबी ‘न’. नसरानी, म्हणजे ख्रिस्ती. ज्या घरावर तो काढला ते घर त्यांचं झालं, असा त्याचा अर्थ. “मत्ती गेला. मी पुढचे नऊ दिवस रोज त्या भिंतीवरून गेलो. माझ्या घरात रंगाचा डबा होता. पांढरा. मी तो उघडला नाही.”

शमीरान म्हणाली, “उघडला असतात तर आज तुम्ही इथे नसता.”

“ते खरं आहे,” ते म्हणाले. “पण उघडला नाही हेही खरं आहे.”

द्रावणात गेलेलं आणि भट्टीत तापवलेलं आता कामाचं नव्हतं. ते मोरीत ओतायचं नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. भाकरीचा तुकडा रस्त्यात पडलेला दिसला तर तिकडची माणसं तो उचलून उंचावर ठेवतात, पायाखाली येऊ देत नाहीत. ते पाहिलं होतं मी. डॉ. मुवफ्फक म्हणाले की त्यांच्या भाड्याच्या घरामागे डाळिंबाचं झाड आहे, त्याच्या मुळाशी पुरतील. चालेल का, असं त्यांनी शमीरानला विचारलं.  ती म्हणाली, चालेल.

आता काशांना सांगायचं होतं, आणि ते मीच सांगणार होते.

काशा योनान तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या जागी लावलेल्या प्लास्टिकशेजारी पलंगावर उशांना टेकून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाय सुजलेले, दाढी इस्पितळातल्या कुणीतरी वेडीवाकडी कापलेली. शमीराननं नळी त्यांच्यासमोर धरली. मी जे घडलं ते क्रमानं सांगितलं. वेळ, किती ब्लीच, कोणता नियम मी मोडला, सगळं. ती भाषांतर करत गेली. मी ‘माझी चूक’ म्हणाले त्याचं भाषांतर तिनं केलं का, हे मला कळलं नाही.

त्यांनी नळी उजेडात धरली.

“डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलंय,” ते म्हणाले. “आणि हिनं बघ, बरोबर मला झेपेल एवढंच ठेवलंय.”

मी हसू शकले नाही. मी विचारलं की एवढ्याशातून पुढे नेता येईल का.

“ब्राती,” ते म्हणाले. ब्राती म्हणजे माझी मुलगी. सगळ्याच बायकांना ते तसं म्हणत. “हे नसतं तरी नेता आलं असतं.”

शमीराननं त्या वाक्याचं भाषांतर केलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

ते सांगू लागले. १९१५ साली त्यांचे आजोबा हक्कारीच्या डोंगरातून जीव घेऊन पळाले, तेव्हा चर्चच्या वस्तू लादलेलं खेचर नदीत वाहून गेलं. मल्काही गेली. उर्मियाजवळच्या एका गावानं आपल्यातली चिमूटभर दिली. तेहेतीस साली पुन्हा गाव जळलं, तीही जळाली. दुसऱ्या खोऱ्यातून आणली. मग ते लोक मैदानात उतरले आणि बेथ-नूरा वसवलं. मधे एकदा पुरात भिजून गेली होती, ते तर त्यांच्याच वेळचं. ज्यांच्याकडून आणली त्यांचीही कधी ना कधी गेली होती, आणि त्यांनी आणखी कुणाकडून आणली होती. अंकाव्याच्या चर्चमध्ये मल्का होतीच. काशांना परवासाठी तिथून मागवता आली असती.

मला आमच्या मिरजेच्या स्वयंपाकघरातलं विरजण आठवलं. आमचं बिघडलं की आई वाटी घेऊन शेजारी जायची, आणि शेजारणीचं बिघडलं की ती आमच्याकडे यायची. मूळचं विरजण कुणाचं, हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुलना बरोबर होती की नाही माहीत नाही. मी ती बोलून दाखवली नाही.

शमीरान उभीच होती. 

“बाबांना हे माहीत होतं?”

“ओदिशूला? खेचराची गोष्ट त्यानं माझ्याकडून निदान वीस वेळा ऐकून घेतली असेल.”

“मग त्यांनी तो डबा कशाला आणला? गोळीबार ऐकू येत होता. ते धावत आत गेले. जी वस्तू कुठूनही मिळते, तिच्यासाठी ते परत...”

ती थांबली. काशा तिच्याकडे बघत राहिले. 

“तू गाडीतून किती वेळा उतरलीस?” त्यांनी विचारलं.

“दोनदा.”

“आणि डबा मांडीवर ठेवल्यावर?”

तिनं नळीकडे पाहिलं.

“मी तिथे नव्हतो,” काशा म्हणाले. “मला माहीत नाही. पण ओदिशूला मी चाळीस वर्षं ओळखतो. त्याला मल्का काढायची होती यात शंका नाही. पण त्याला आणखीही काही गावातून बाहेर काढायचं होतं, आणि ते दोनदा खाली उतरलं होतं.”

हे भाषांतर तिनं माझ्यासाठी केलं नाही. ते मला पुष्कळ दिवसांनी, तिनंच सांगितलं तेव्हा कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ती पलंगाच्या कडेला बसली, काशांच्या सुजलेल्या पायांवर तिनं डोकं टेकलं, आणि त्यांनी नळी धरलेला हात बाजूला, उंच करून, दुसरा हात तिच्या केसांवर ठेवला. मी प्लास्टिकमधून खालचा रस्ता बघत राहिले. टँकर आला होता. लोक बादल्या घेऊन उतरत होते.

बुधवारी अकराच्या सुमाराला मी टाकीचा अहवाल द्यायला गेले तर काशांच्या पलंगाशेजारी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, काळा झगा, पायांत रबरी चपला. ते काशा अप्रिम होते. सीमेपलीकडे सीरियात, खाबूर नदीकाठच्या एका गावचे धर्मगुरू. फेब्रुवारीत त्यांच्या त्या खोऱ्यावरही दाएशनं हल्ला केला होता. चर्च सुरुंगानं उडवलं होतं. गावातली एकोणीस माणसं अजून ओलीस होती, बाकीची हसाकामध्ये एका शाळेत राहत होती. औषधं मिळवायला ते इकडे आले होते. औषधं मिळाली होती. त्यांना घेऊन जाणारी गाडी साडेबाराला निघणार होती, आणि उद्या सकाळी ते आपल्या माणसांत पोचणार होते. गुरुवारी.

त्यांच्याकडे मल्का नव्हती. अंकाव्याच्या चर्चमध्ये ते आधी जाऊन आले होते. तिथले धर्मगुरू दोहुकच्या छावणीत गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्यापाशी होती.

काशा योनाननी उशीखालून नळी काढली. पण तिचं झाकण उघडण्याआधी त्यांनी शमीरानकडे पाहिलं.

“तू आणलीयेस. तू सांग.”

काशा अप्रिम घाईनं म्हणाले की चिमूटभर पुरे, चिमटीच्या टोकावर राहील एवढीच.

मी मनात हिशेब करत होते. पावणेचार ग्रॅममधून चिमूट म्हणजे पाव ग्रॅम. त्यांनी त्यात सव्वा-दीड किलो पीठ घातलं तर पाच-सहा हजारांत एक भाग. दरवर्षी दहात एक भागच जुना धरला, तरी पंचविसाव्या वर्षी मूळच्या पुडीतला एक रेणूसुद्धा उरत नाही. आणि असे गुरुवार होऊन गेले होते जवळजवळ दोन हजार. माझं गणित बरोबर होतं. मी ते तीन वेळा तपासलं. आणि तरीही मी शमीरानच्या तोंडाकडे बघत राहिले.

“अर्धी,” ती म्हणाली.

“अगं, जपून.” माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं. तिला शब्द कळला नाही, अर्थ कळला.

“त्यांचा रस्ता लांब आहे, डॉक्टर,” ती मला इंग्रजीत म्हणाली. “सांडली तर?”

“आणि तुमची संपली तर?”

“मग मी त्यांच्या दारात जाईन. त्यांना नाही म्हणता येणार नाही.” तिनं काशा अप्रिमना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसले.

काशा योनाननी एका स्वच्छ कागदावर नळी उपडी केली. पिवळी, बारकी ढिगोळी. माझ्या पिशवीत छोटा काटा होता. माझा हात सवयीनं तिकडे गेला. मग मी तो मागे घेतला. त्यांनी सुरीच्या टोकानं ढिगोळीच्या मधून रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. मोठा भाग त्यांनी काशा अप्रिमच्या रिकाम्या औषधाच्या बाटलीत घातला.

खोलीत ब्लँकेटाच्या दारापाशी आता दहा-बारा माणसं येऊन उभी राहिली होती.  एका म्हातारीनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. शेकडो मैल आणि दोन हजार वर्षं चालत आलेली ती गोष्ट त्या बाटलीच्या तळाशी होती, नखाएवढी, आणि ज्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं त्यांनी तिचा मोठा भाग देऊन टाकला होता. मी आयुष्यभर सूक्ष्म गोष्टी बघत आले आहे. इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान जागेत मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही पाहिलेली नाही.

बाटलीचं बूच लावल्यावर काशा अप्रिमना वेगळीच काळजी लागली. वाटेत पाच चौक्या, वर सीमा. बिनचिठ्ठीची पूड सापडली की शिपाई ती ओतून बघतात, नाही तर माणसालाच उतरवून घेतात. मी त्या संस्थेची आहे हे त्यांना कळलं होतं. एखादा कागद देता येईल का, असं त्यांनी विचारलं.

खाद्यपदार्थ नेण्यासाठी आमच्याकडे छापील दाखला असायचा, अरबी आणि इंग्रजी. मी एक कोरा काढला आणि गुडघ्यावर वही ठेवून भरायला घेतला. पदार्थ : मल्का. घटक : गहू, मीठ, ऑलिव्ह तेल. हे मला प्रयोगशाळेनं सांगितलंच होतं. जंतू : आढळले नाहीत.

“उत्पादनाचं ठिकाण?” मी विचारलं. मी ‘बेथ-नूरा’चा ‘बे’ लिहायला लेखणी टेकवली होती.

दोघा धर्मगुरूंनी एकमेकांकडे पाहिलं.

“यरुशलेम,” काशा योनान म्हणाले.

मी लिहिलं.

“तारीख?”

“गुरुवार,” शमीरान म्हणाली.

“कुठला गुरुवार?”

“तो एकच आहे.”

मी गुरुवार लिहिलं. पुढच्या रकान्यावर बोट ठेवून काशा अप्रिमनी विचारलं की इथे काय लिहितात. मी म्हटलं, किती दिवस टिकेल ते. त्यांनी गंभीरपणे विचार केला. चुकीची माहिती द्यायची नव्हती त्यांना.

“येशू परत येईपर्यंत,” ते म्हणाले.

तेही मी दोन्ही भाषांत लिहिलं; अरबीतलं शमीराननं सांगितलं तसं, एकेक अक्षर. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ‘वरील सर्व माहिती मी स्वतः पडताळून पाहिली आहे.’ अशा शेकडो कागदांवर मी ते वाक्य न वाचता सही केली होती. त्या दिवशी वाचलं. मग सही केली, पूर्ण नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांत धरून बसले.